पावसाळ्यात साबण : दिवाळीच्या वड्यांच्या नोंदी

२६ जुलै २०२५ : सूत्र आणि हिशेब

यंदा नरक चतुर्दशी २० ऑक्टोबरला. थंड पद्धतीच्या (न शिजवता केलेल्या) साबणाला मुरायला सहा आठवडे द्यायचे, तर शेवटचा घाणा ८ सप्टेंबरच्या आत साच्यात पडायला हवा. म्हणजे सगळं काम ऐन पावसात आणि तेही ठाण्याच्या हवेत, जिथे जुलैत मीठसुद्धा डब्यात पाझरतं. परदेशी व्हिडिओंतली सूत्रं कोरड्या, गार हवेसाठी असतात. तेलांचं प्रमाण त्यांच्याकडून घेता येतं, पण पाणी, तापमान आणि मुरवण आपल्या हवेप्रमाणे ठरवावी लागते. या नोंदी मुख्यतः त्यासाठीच.

५०० ग्रॅम तेलाचं मूळ सूत्र : खोबरेल १५० ग्रॅम, राइस ब्रॅन (भाताच्या कोंड्याचं तेल) २२५, कोकमतेल ८५, एरंडेल ४०.

खोबरेलाने फेस भरभरून येतो आणि मळ निघतो, पण ३०-३५ टक्क्यांच्या वर गेलं की अंग कोरडं पडतं. राइस ब्रॅन स्वस्त आणि सौम्य. एरंडेलाने फेस टिकतो, मात्र १० टक्क्यांच्या पुढे वडी चिकट होते. कोकमतेल (कोकणात मुठेल, गोव्यात भिरंडेल) इथे पामतेलाच्या जागी आहे. त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याच्या आसपास असल्यामुळे वडी टणक होते आणि न्हाणीघरात लवकर विरघळत नाही. बाजारात ते लाडवासारख्या गोळ्यांत मिळतं. घरगुती काढलेल्या गोळ्यात बियांचा चुरा असतो, म्हणून वितळवून मलमलच्या कापडातून गाळायचं. तसंच वापरलं तर वडीत करडे ठिपके दिसतात. त्याने बिघडत काही नाही, दिसायला वाईट एवढंच.

आता कॉस्टिक सोडा. प्रत्येक तेलाच्या एका ग्रॅमला किती सोडा लागतो, त्याचे आकडे ठरलेले आहेत : खोबरेल ०.१८३, राइस ब्रॅन ०.१३३, कोकमतेल ०.१३५, एरंडेल ०.१२८.

१५० × ०.१८३ = २७.४५
२२५ × ०.१३३ = २९.९३
८५ × ०.१३५ = ११.४८
४० × ०.१२८ = ५.१२
एकूण ७३.९८ ग्रॅम.

एवढा सोडा घातला तर सगळ्या तेलाचा साबण होईल आणि चूक झाकायला काहीच उरणार नाही. म्हणून ५ टक्के सोडा कमी घालायचा, म्हणजे तेवढं तेल मोकळं राहतं. ७३.९८ × ०.९५ = ७०.३ ग्रॅम. सोड्याच्या डब्यावर शुद्धता ९८ टक्के लिहिली आहे, म्हणून ०.९८ ने भागून ७१.७ ग्रॅम. ही शेवटची पायरी बरेच जण सोडतात. त्याने धोका होत नाही, मोकळं तेल ५ ऐवजी ७ टक्क्यांच्या घरात जातं. पण पावसाळ्यात ते जास्तीचं तेलच पुढे खवट होतं, तेव्हा हिशेब पूर्ण केलेला बरा.

सोडा केमिकलच्या दुकानातून घ्यायचा, पापडीच्या रूपातला, शुद्धतेचा आकडा छापलेला. नळ मोकळे करायच्या पुडीत इतर क्षार असतात, कधीकधी ॲल्युमिनियमचे कणही. ती साबणाला चालत नाही. डबा उघडला की पापडी हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढते. पापड्या एकमेकींना चिकटून ढेकूळ झालेला सोडा वजनाला ७१.७ भरेल, पण ताकदीला कमी पडेल. हवं तेवढं मोजून घ्यायचं आणि झाकण लगेच लावायचं.

काटा एका ग्रॅमपर्यंतचा चालत नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. चमचा, वाटी, मिलिलिटर ही मापं या कामात नाहीतच, पाणीसुद्धा ग्रॅममध्येच.

२ ऑगस्ट : घाणा १

भांडी : स्टीलचं पातेलं, जाड प्लास्टिकचा जग (तळाला ५ आकडा असलेला), सिलिकॉनचा उलथना, हँड ब्लेंडर. ॲल्युमिनियम किंवा हिंडालियमचं काहीही जवळ नको. कॉस्टिक त्याला खातं, हायड्रोजन वायू सुटतो आणि पातेलं काळं पडून फसफसतं. लाकडी डावही नको, दोन-चार घाण्यांत त्याची कुसळं निघून साबणात येतात.

डोळ्यांवर बंद गॉगल, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, खिडकी उघडी, लहान मुलं आणि मांजर खोलीबाहेर. पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी कधीही नाही. उलटं केलं तर वरचा थर क्षणात उकळून अंगावर उडतो. अंगावर थेंब पडलाच तर नळाखाली पंधरा-वीस मिनिटं धुवायचं. ‘व्हिनेगर लावा’ हा सल्ला ऐकू नये, कारण त्या रासायनिक क्रियेतही उष्णता निघते आणि ती कातडीवरच निघते. डोळ्यात गेलं तर धूत धूतच दवाखाना गाठायचा.

पाणी १४३ ग्रॅम, म्हणजे सोड्याच्या दुप्पट. पुस्तकातलं नेहमीचं प्रमाण, आधी तेच करून पाहिलं. सोडा घातल्यावर पाणी ८१ अंशांवर गेलं. पन्नास मिनिटांनी ३५ वर आलं.

तेलं ३४ अंशांवर होती. इथेच चूक झाली. कॉस्टिकचं पाणी ओतून ब्लेंडरचे चार झटके दिले आणि मिश्रण बासुंदीसारखं दाट झालं. पाहणाऱ्याला वाटावं, ट्रेस आला, म्हणजे तेल आणि कॉस्टिकचं पाणी एकजीव झालं. तो खोटा ट्रेस होता. कोकमतेल चाळिशीच्या आसपास वितळतं. ३४ अंशांवर ते पुन्हा गोठायला लागलं आणि दाटपणा त्याचाच होता. खरा ट्रेस गुळगुळीत असतो, त्याला चकाकी असते, उलथन्यावरून पडलेली धार वर रेघ उमटवून हळूहळू मिटते. खोट्या ट्रेसमध्ये मिश्रण मळकट, किंचित रवाळ दिसतं आणि उलथन्यावर घेऊन चेपलं की कडेला तेल सुटतं. उपाय सोपा : पातेलं गरम पाण्यात धरून मिश्रण ४२-४३ अंशांवर आणायचं आणि परत फिरवायचं. आज ते केलं नाही, तसंच साच्यात ओतलं.

साचा म्हणजे एक लिटरचा ज्यूसचा खोका, आडवा कापून आत बटर पेपर. खोक्याच्या थरांत ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. आतून प्लास्टिकचं अस्तर असलं तरी कापलेल्या कडेला तो उघडा पडतो, म्हणून बटर पेपर कडेवरून बाहेर दुमडायचा.

३ ऑगस्ट

२२ तासांनी साचा उघडला. वरून ठीक, कापल्यावर मध्यभागी गडद, अर्धपारदर्शक वर्तुळ आणि कडेला फिका, ठिसूळ भाग. मधला भाग तापून जेल (अर्धपारदर्शक लगद्यासारखा) झाला, कडा थंड राहिल्या. कडांमध्ये मोहरीएवढे पांढरे दाणेही आहेत. ते गोठलेलं कोकमतेल, कॉस्टिकचे खडे नव्हेत. खात्री करायची रीत : दाणा टूथपिकने काढून बोटावर चोळायचा. वितळला तर तेल. खडा असेल तर कोरडा, कडक लागतो, आणि असा साबण अंगाला लावायचा नाही.

वड्या सात, सरासरी १०१ ग्रॅम. बोट टेकलं तर ठसा उमटतो इतक्या मऊ. घाण्याचा पाचवा हिस्सा पाणी म्हटल्यावर दुसरं काय होणार.

९ ऑगस्ट : दहिवर

नारळी पौर्णिमा झाली तरी पावसाचा जोर आहे. घरातली आर्द्रता ८८ टक्के. वड्यांवर सकाळी दवाचे थेंब. पुसले की तासाभरात परत. साबण ‘रडतोय’, बिघडलाय, असं वाटून लोक तो फेकून देतात. खरं म्हणजे हे ग्लिसरीन आहे. तेलाचा साबण होताना ग्लिसरीन सुटतं आणि घरच्या साबणात ते सगळं वडीतच राहतं, कारखान्यात बहुधा वेगळं काढून घेतात. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. थेंब जिभेला किंचित गोड लागतात. झोंबले तर मात्र मामला वेगळा.

पुसत बसू नये. पुसल्याने वरचा थर मऊ होऊन ओरखडे उठतात. वड्या बंद कपाटात ठेवू नयेत आणि उघड्या खिडकीतही नाही. आज त्या आतल्या खोलीत टेबलावर आणल्या, दोन वड्यांत दोन बोटं अंतर, पंखा सगळ्यात हळू. रात्री एसी ‘ड्राय’वर दोन तास. आर्द्रता ६२ वर आली आणि सकाळी थेंब नव्हते. वजन ९८.५.

१० ऑगस्ट : घाणा २, पाणी कमी

दोन बदल. पहिला, पाणी : द्रावणात सोडा ३३ ऐवजी ३८ टक्के. दुसरा, सायट्रिक ॲसिड, तेलाच्या १ टक्का.

सायट्रिक ॲसिड टँकरच्या पाण्यासाठी. सोसायटीला उन्हाळ्यात टँकर येतो, तो बोअरचा. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी जुळून बादलीच्या कडेला पांढरट साय धरतो. सायट्रिकचं साबणात सोडियम सायट्रेट होतं आणि ते कॅल्शियमला आधी पकडतं. फरक बराच पडतो. पण सायट्रिक आपला वाटा म्हणून सोडा खातं : १ ग्रॅमला ०.६२४ ग्रॅम. हा सोडा वाढवला नाही तर मोकळं तेल ५ वरून ९ टक्क्यांच्या पुढे जातं आणि वडी लिबलिबीत होते. ५ × ०.६२४ = ३.१२, शुद्धता धरून ३.२. एकूण सोडा ७१.७ + ३.२ = ७४.९ ग्रॅम. पाणी ७४.९ × ६२ ÷ ३८ = १२२ ग्रॅम. (हा ०.६२४ चा आकडा निर्जल सायट्रिकचा. डब्यावर मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर ०.५७ धरायचा.)

क्रम : फ्रिजमधल्या पाण्यात आधी सायट्रिक पूर्ण विरघळवून मग सोडा तीन हप्त्यांत. गार पाणी घेऊनही ७८ अंश गाठले. पाणी थोडं असलं की सोड्याची ढेपी तळाशी चिकटते, ढवळणं थांबवायचं नाही.

तेलं ४५, द्रावण ४२. मिश्रण ४४ अंशांवर. ब्लेंडर तीन सेकंद चालू, वीस सेकंद बंद करून नुसता हलवायचा. दोन मिनिटांत कढीसारखा पातळ ट्रेस. या वेळी सुगंध : वाळ्याचं तेल ४ ग्रॅम, नागरमोथा ४, गवती चहा ३. नागरमोथ्याचं तेल वाळ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त, वासाने त्याचा जवळचा नातेवाईक, आणि बाकीचे वास धरून ठेवतं. तिन्हींनी मिश्रणाला घाई केली नाही. बासुंदी झाल्यावर ओतलं.

साच्याखाली पाट, वर पुठ्ठा, सगळ्याला गोधडी. दीड तासाने मध्यभागी ६९ अंश, कडेला ६४. सगळीकडे जेल. हेच हवं होतं : रंग एकसारखा, वडी लवकर घट्ट, वरची पांढरी भुकटीही नाही. ती भुकटी म्हणजे धुण्याचा सोडा. उघड्या पृष्ठभागावरचं कॉस्टिक हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून होतो. पाणी कमी आणि जेल पूर्ण, या दोन्हींनी तो टळतो. आलाच तर इस्त्रीची वाफ धरायची, निघून जातो.

१४ तासांनी कापलं. सुरीऐवजी ताणलेली गिटारची तार, बर्फीच्या वड्या पाडाव्यात तशी सुटली. हा काळ महत्त्वाचा. कोकमतेलाचा साबण चोवीस तासांपुढे ठेवला की तारेखाली कडा तुटतात.

१७ ऑगस्ट : घाणा ३, मोगरा

फसलेला घाणा. तरी नोंद लांब, कारण मोगरा सगळ्यांनाच हवा असतो.

सूत्र घाणा २ चंच. सुगंध : मोगऱ्याचं कृत्रिम तेल १५ ग्रॅम, म्हणजे ३ टक्के. पातळ ट्रेसवर ओतलं आणि उलथन्याच्या सहाव्या-सातव्या फेरीला मिश्रण पिठल्यासारखं घट्ट झालं. पुढच्या फेरीला उलथनं मधोमध उभं राहिलं. पातेलं बाहेरून हाताला चटका देत होतं.

फुलांच्या कृत्रिम सुगंधांत हा दोष नेहमीचा : मोगरा, चाफा, रजनीगंधा. उपायही ठरलेले आहेत : मिश्रण ३५-३८ अंशांवर थंड ठेवा, पाणी वाढवा, ब्लेंडर बंद करून हाताने ढवळा. पण आपल्या सूत्रात कोकमतेल आहे आणि ते ४२ च्या खाली गोठतं. थंड ठेवलं तर खोटा ट्रेस, गरम ठेवलं तर असा दगड. कोकमतेल आणि मोगरा एका साच्यात नांदत नाहीत, हा निष्कर्ष. मोगऱ्यासाठी कोकमतेल काढून त्याजागी राइस ब्रॅन घ्यायचं, सोडा नव्याने मोजायचा, पाणी दुप्पट ठेवायचं. वडी थोडी मऊ होईल, चालेल. शिवाय नवा सुगंध आधी ५० ग्रॅम मिश्रणात, कागदी कपात तपासायचा. आज तेवढं केलं असतं तर पुढचा तास वाचला असता.

साबण वाचला. घट्ट गोळा मोडून स्टीलच्या पातेल्यात, पातेलं उकळत्या पाण्यावर, ३० ग्रॅम पाणी, घट्ट झाकण. दर दहा मिनिटांनी खालवर. पहिल्यांदा कडेला तेल सुटलं, मग सगळं साबुदाण्याच्या खिरीसारखं अर्धपारदर्शक होत गेलं. ५० मिनिटांनी चिमूटभर थंड करून ओल्या बोटाने जिभेच्या टोकाला टेकवलं : झोंबलं नाही, नुसती साबणाची चव. बॅटरीचं टोक जिभेला लावल्यासारखी कळ आली तर सोडा अजून मोकळा आहे असं समजायचं आणि शिजवत राहायचं.

चमच्याने साच्यात दाबून भरलं, ओट्यावर आपटून हवा काढली. वड्या खडबडीत, दगडी चिक्कीसारख्या दिसतात. वास अर्ध्याहून अधिक उडाला.

भांडी लगेच धुवायची नाहीत, हे याच दिवशी लिहून ठेवतो. कच्चं मिश्रण मोरीत गेलं की पाइपात साबण होऊन बसतं. वर्तमानपत्राने पुसायचं, भांडी मोजे घालून कोपऱ्यात ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुसटसा उरलेला थर साबण झालेला असतो, भांडं स्वतःच फेसाने धुऊन निघतं.

२४ ऑगस्ट : घाणा ४, हळद आणि उटण्याची द्रव्यं

गणपती तीन दिवसांवर, तेव्हा घाणा छोटाच, ५०० ग्रॅमचा.

तयार उटणं साबणात तसंच घालू नये. त्यात डाळीचं पीठ असतं, ते ओलं राहिलं तर कुजकट वास येतो, आणि जाडसर वाळा वडीतून कुसासारखा बाहेर येऊन अंगाला ओरबाडतो. म्हणून फक्त चार द्रव्यं, सगळी वस्त्रगाळ : मुलतानी माती ५ ग्रॅम, नागरमोथा २, कापूरकाचरी २, हळद २. वस्त्रगाळ म्हणजे मिक्सरमधून काढून चाळलेलं नव्हे, दुहेरी मलमलमधून पडलेलं. दोन बोटांत चोळून टाल्कमसारखं लागलं पाहिजे. माती पाणी पिते, म्हणून सगळं आधी एरंडेलात खलून घेतलं, गुठळी राहत नाही.

हळद पडताक्षणी मिश्रण विटकरी लाल. घाबरायचं नाही. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तीच ही क्रिया : आम्लारी पदार्थात हळदीचा रंग लाल होतो. साबण बनत जातो तसा तो उतरतो, आठवड्यात गेरूसारखा, महिन्यात मोहरीच्या तेलासारखा. उन्हात आणखी फिका पडतो, तेव्हा वड्या अंधारात मुरवायच्या. २ ग्रॅमच्या वर हळद नको, पंच्याला डाग पडतात.

हिरव्यासाठी कडुनिंबाची पूड आणि लालसाठी गुलाबाच्या पाकळ्या हे दोन्ही प्रयोग जुने आणि फसलेले. कडुनिंब दीड महिन्यात शेवाळी-तपकिरी होतो. पाकळ्या कॉस्टिकमध्ये दुसऱ्या दिवशीच उंदराच्या लेंड्यांसारख्या दिसतात. पाकळी घालायचीच तर मुरलेल्या वडीवर, बांधताना.

७ सप्टेंबर : घाणा ५, आणि वजनं

विसर्जन काल झालं, मुदत उद्याची. घाणा २ चं सूत्र दुप्पट : खोबरेल ३००, राइस ब्रॅन ४५०, कोकमतेल १७०, एरंडेल ८०, सोडा १४९.८, सायट्रिक १०, पाणी २४४, वाळा ८, नागरमोथा ८, गवती चहा ६.

दुप्पट करताना तेल, सोडा, पाणी दुप्पट होतं, उष्णता मात्र दुपटीने अडकते. मोठा गोळा आतून जास्त तापतो. पूर्ण गोधडी घातली तर मध्ये ८० च्या पुढे जाऊन वर चीर पडते, प्रसंगी मधलं मिश्रण उकळून साच्याबाहेर येतं. आज फक्त पुठ्ठा आणि एक पंचा. तासाभराने ७४, तेव्हा पंचाही काढला. चीर नाही.

वजनं (सरासरी वडी, ग्रॅम) : घाणा १ पाच आठवड्यांत १०१ वरून ९३. घाणा २ चार आठवड्यांत १०० वरून ९४. घाणा ३ तीन आठवड्यांत १०६ वरून ९८, शिजवताना पाणी घातलं होतं ते उडतंय. घाणा ४ दोन आठवड्यांत १०० वरून ९७.

मुरणं म्हणजे नुसतं वाळणं नव्हे. कॉस्टिक पहिल्या दोन-तीन दिवसांतच संपतं, साबण तेव्हापासून वापरायला सुरक्षित असतो. पुढच्या आठवड्यांत पाणी जातं आणि साबणाची घडण आतून पक्की होत जाते, म्हणून फेस सुधारतो. घाणा २ ची वडी आज वापरून पाहिली : फेस बारीक, दाट, आणि चौथ्या दिवशी वापरून पाहिलेल्या कापापेक्षा कितीतरी पटीने बरा.

पीएच पट्टी ९ ते १० दाखवते. खरा साबण एवढाच असतो. त्याखाली ओढायचा प्रयत्न केला तर साबण फुटून तेलकट आम्लं सुटी होतात.

टीएफएमबद्दल (साबणातल्या एकूण मेदाच्या टक्केवारीबद्दल) विचारणा होतेच. भारतीय मानकात अंगाच्या साबणाला ग्रेड १ साठी ७६ टक्के, ग्रेड २ साठी ७०, ग्रेड ३ साठी ६०. कागदी हिशेबाने आपला : ५०० ग्रॅम तेलातून मेदाम्लं सुमारे ४७५, मुरलेल्या घाण्याचं वजन अंदाजे ६५० ग्रॅम, म्हणजे ७३ च्या आसपास. उरलेल्यात ५० ग्रॅमच्या आसपास ग्लिसरीन आहे, म्हणून हा आकडा कमी दिसला तरी त्वचेला तक्रार नसते.

२१ सप्टेंबर : मेणाच्या पणत्या

साबण मुरतोय तोवर हे काम. थोडक्यात.

तेलाच्या पणत्या आपण आदल्या दिवशी पाण्यात भिजवतो, म्हणजे माती तेल पीत नाही. मेणासाठी नेमकं उलटं. ओलसर पणतीत ओतलेलं मेण बुडबुडे धरतं आणि वात तडतडते. पणत्या दोन दिवस वाळवून आतून पातळ मेणाचा एक हात द्यायचा, तो सुकला की भरायचं. नाहीतर मेण मातीतून झिरपून खालच्या रांगोळीवर डाग पडतो, आणि मेण प्यायलेली कड वातीजवळ असेल तर तीच पेटते.

५८-६० अंशांना वितळणारं पॅराफिन ९ भाग, स्टिअरिक ॲसिड १ भाग, पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात. थेट गॅसवर कधीच नाही. ७० अंशांवर ओतलं, पणतीला २० ग्रॅम. थंड होताना वातीभोवती खळगा पडतो, कारण मेण आकसतं. ३-४ ग्रॅम राखून ठेवून तासाने दुसऱ्यांदा भरायचं. वात पत्र्याच्या बूडखुंटीसह, मेणात बुडवून सरळ केलेली. वात बारीक पडली तर मधे विहीर होऊन ज्योत बुडते, जाड पडली तर काजळी. एक पेटवून पाहिली : चार तास दहा मिनिटं.

५ ऑक्टोबर : केशरी ठिपके

घाणा १ च्या दोन वड्यांवर केशरी-तपकिरी ठिपके, हुंगलं तर जुन्या शेंगदाण्यासारखा वास. तेल खवट होतंय. दोन्ही वड्या स्टीलच्या जाळीवर होत्या आणि ठिपके जाळीच्या रेघांवरच जास्त. जाळीचा वरचा मुलामा गेलेला, लोखंड उघडं. लोखंड आणि तांबं खवटपणाला घाई करतात. शिवाय राइस ब्रॅनमध्ये लिनोलेइक आम्ल तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, तेच आधी खवटतं.

घाणा २ ला ठिपके नाहीत. पण तो लाकडी फळीवर बटर पेपर घालून ठेवला होता, त्यात पाणी कमी होतं, सायट्रिक होतं, आणि तो आठ दिवसांनी धाकटा आहे. कशाचा गुण, हे यावरून सांगता येणार नाही. जाळी मात्र भंगारात.

ठिपक्यांचा साबण विषारी नसतो, पण वास वाढत जातो. खरवडून, किसून कपडे धुवायला ठेवला.

१२ ऑक्टोबर : बांधणी, उटणं

ऑक्टोबरचं ऊन लागलं आणि गेल्या आठवड्यात प्रत्येक वडी दीड ते दोन ग्रॅमने उतरली, जितकी सप्टेंबरच्या दोन आठवड्यांत उतरली नव्हती. घाणा २ : ९१. घाणा ५ : १०० वरून ९३. हळदीच्या वड्या गव्हाळ-पिवळ्या झाल्या.

प्लास्टिकची फिल्म गुंडाळू नये, आतला दमटपणा अडकतो आणि दहिवर परत येतं. बटर पेपरचा कमरपट्टा, दोन्ही टोकं उघडी, वर सुतळी. चिठ्ठीवर तारीख आणि तेलांची पूर्ण यादी. कुणाला कशाची ॲलर्जी असेल ते आपल्याला माहीत नसतं. विकायचं असेल तर सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतो, हे सगळं वाटण्यापुरतंच.

सोबत द्यायचं उटणं, २०० ग्रॅम : मसूर डाळीचं पीठ ६०, मुलतानी माती ४०, आंबेहळद २०, नागरमोथा २०, कापूरकाचरी २०, वाळा १५, गुलाबपाकळी १५, संत्र्याची साल १०. सगळं कडकडीत वाळवून दळलेलं, दोनदा चाळलेलं. जुन्या याद्यांत बावची असते, ती गाळली आहे. बावची अंगाला लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते, आणि पहाटे अभ्यंग उरकून माणसं सकाळी उन्हातच फिरतात.

१९ ऑक्टोबर

हिशेब : घाणा २ च्या ६, घाणा ४ च्या ७, घाणा ५ च्या १४ वड्या गेल्या. मोगऱ्याच्या सातही घरीच. दिसायला ओबडधोबड, पण आठवड्यापासून न्हाणीघरात तीच वडी आहे आणि कमी झिजली : ९७ वरून ८८.

प्रत्येकाला एकच सूचना दिली : साबणदाणी भोकांची हवी. ती नसेल तर नारळाच्या काथ्याचा चपटा गोळा ठेवा. तळाशी पाणी साचलं की घरचा साबण दोन दिवसांत लोणी होतो.

पुढच्या घाण्यासाठी बाजूला काढलेलं : राइस ब्रॅन ३१० ग्रॅम, खोबरेल १५०, एरंडेल ४०. सोडा ७१.५, पाणी १४३. कोकमतेल नाही. मोगरा १० ग्रॅम, आधी कागदी कपात.